घाटातली घंटी

कादंबरीकाराला पाऊस फार स्वस्त पडतो. नायक-नायिकेची ताटातूट करायची आहे ना? घाला एक वादळ! खलनायकाला उपरती व्हायची आहे? मग ढगांचा गडगडाट, एखादी कडाडणारी वीज आणि पायवाटेवरून वाहणारे गढूळ पाणी, एवढे सामान पुरे होते. माझ्या आजवरच्या कादंबऱ्यांपैकी एकही कोरडी नाही. मात्र हा सगळा पाऊस मी खिडक्या लावून, खांद्यावर कांबळे घेऊन आणि हाताशी चहाचा पेला ठेवून पाडलेला आहे. तो कुणाच्या मानेवरून पाठीत उतरत नाही, वहाणांत साचत नाही, आणि त्याने सायकलचे ब्रेकही निकामी होत नाहीत.

"तुमच्या गोष्टीतल्या माणसांना न्या हवं तिथं पावसात," आमच्या मंडळींनी त्या दिवशी मला बजावले होते, "माझ्या पोराला नको."

मी हसलो होतो. वाक्य चांगले आहे, कुठेतरी वापरायला हवे, असेही मनात म्हणालो होतो. आज ते वापरतो आहे. पण हसू मात्र येत नाही.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आमचे चिरंजीव तेव्हा चौदा वर्षांचे होते. उंचीने माझ्या खांद्याला लागलेले, पण बोलण्यात जपून, वागण्यात त्याहून जपून. नदीवर गेला तर आधी काठी घालून पाणी किती खोल ते पाहणार. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना एकदा नव्हे, दोनदा पाहणार. गल्लीतले कुत्रे भुंकू लागले की दगड न उचलता स्वस्थ उभा राहणार. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलात मला हे दिसले असते तर प्रगतिपुस्तकात मी 'विचारी' असा शेरा मारला असता. मास्तराचा हा एक शापच आहे. दुसऱ्यांच्या पन्नास मुलांत जे गुण तो कौतुकाने पाहतो, तेच स्वतःच्या पोटच्या पोरात दिसले की त्याला दोष वाटू लागतात. मला माझ्या मुलासाठी दुसराच शब्द सुचला. तो शब्द होता 'भित्रा'.

आता भित्र्या मुलाला धीट कसे करावे? माझ्यापाशी उपाय तयार होता. धाकटी बहीण चिपळूणला दिलेली आहे. कऱ्हाडहून चिपळूण शंभर किलोमीटरांना थोडे कमी. रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली होती. बाप-लेकांनी पहाटे सायकली काढायच्या, कोयनेच्या काठाकाठाने वर चढायचे, कुंभार्ली घाट उतरायचा आणि संध्याकाळी आत्याच्या घरी गरम भात जेवायचा! येताना एस.टी. आणि सायकली मागाहून एखाद्या टेंपोने. एका दिवसात मुलगा माणसात येईल, अशी माझी खात्री होती.

महिना जुलैचा, नक्षत्र पुष्य. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. आदल्या रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, येऊ नकोस रे. वाशिष्ठी फुगलीय." पाठोपाठ चिरंजीवांनी मोबाइल पुढे केला. वेधशाळेने साताऱ्याच्या घाटमाथ्याला आणि रत्नागिरीला नारिंगी इशारा दिलेला होता. "नारिंगी म्हणजे लाल नव्हे," मी म्हणालो. एवढा विनोद केला की बापाची जबाबदारी संपते, असे त्या वेळी मला वाटत असावे.

पहाटे पाचला निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती. माझी सायकल जुनी, काळी, सळईच्या ब्रेकची. तिच्यावरून मी वीस वर्षे शाळेत जातो आहे. मुलाची नवी, हलकी, वायरच्या ब्रेकची. तिला मी खेळणे म्हणत असे. मंडळींनी माझ्या कॅरियरला धपाट्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बांधला. मुलाचे कोरडे कपडे एकात एक अशा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून त्याच्या पाठीवर दिले. मला काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलायचे होते ते रात्रीच बोलून झाले होते.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात. नद्यांचे संगम पुष्कळ आहेत, पण दोन माणसांनी रस्त्यात एकमेकांसमोर उभे राहावे तशी ही भेट. म्हणूनच त्याला प्रीतिसंगम म्हणतात. आम्ही कोयनेच्या बाजूने पश्चिमेला निघालो. मल्हारपेठेपर्यंत प्रवास मोठा सुखाचा झाला. रस्ता ओला, हवा गार, दोन्ही बाजूंना ऊस आणि सोयाबीन. भांगलणीला निघालेल्या बायकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद होते. माझ्या लहानपणी तिथे पानांची इरली दिसत. मी मुलाला इरले म्हणजे काय ते सांगितले, इरल्यात वाकलेली माणसे दुरून कासवांसारखी दिसत तेही सांगितले. तो हसला. त्या दिवसातले आमचे ते पहिले आणि बराच वेळपर्यंत शेवटचे हसणे.

या रस्त्याची एक गंमत आहे. कऱ्हाडला वर्षाकाठी सात-आठशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि सायकलवर अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असलेल्या कोयनानगरला पाच हजारांच्या आसपास. भूगोलाच्या तासाला हे आकडे फळ्यावर लिहायला मला फार आवडते. सायकलवर मात्र ते अंगावर वाचावे लागतात. नवारस्त्याला भुरभुरीची सर झाली. पाटण जवळ आले तशी सरीची झड झाली. रेनकोटाच्या गळ्यातून पहिली थंड धार आत शिरली. चष्मा काढून खिशात ठेवावा तर दिसत नाही, डोळ्यांवर ठेवावा तरी दिसत नाही. समोरून येणारी प्रत्येक गाडी गढूळ पाण्याची एक चादर अंगावर टाकून जाई.

पाटणला हॉटेलात मिसळ खाल्ली. मुलाच्या बोटांची टोके पांढरी पडून सुरकुतली होती. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला,

"बाबा, इथून एस.टी.नं जाऊ या का? सायकली इथंच कुणाकडे तरी ठेवू."

"का? घाबरलास?"

शेजारच्या बाकावरची दोन माणसे आमच्याकडे पाहू लागली. मुलाने मान खाली घातली, मिसळ संपवली आणि बाहेर जाऊन सायकलचे सीट फडक्याने पुसले. त्या ओल्या जगात ओले सीट पुसण्यात काय अर्थ होता? आता मला कळते की त्याला तोंड फिरवायला काहीतरी निमित्त हवे होते. त्या वेळी मला वाटले, औषध लागू पडते आहे.

पाटणच्या पुढे डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. त्या दिवशी ते ऐकू येत होते, दिसत नव्हते. प्रत्येक घळीतून पाणी कोसळत होते आणि त्या पाण्याचा एक अखंड घुमणारा आवाज आमच्या बरोबरीने चालत होता. चढ सुरू झाला तसे आम्ही कधी पेडल मारीत, कधी उतरून ढकलीत पुढे जाऊ लागलो. वारा समोरून. उभे राहून पेडल मारले तर वारा छातीवर हात ठेवून मागे लोटी. मुलगा माझ्या मागे दहा हातांवर होता. मी तासभर त्याच्याशी बोललो नाही. बोललो असतो तरी ऐकू गेले नसते, ही सबब मला सोयीची झाली.

हेळवाकला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. महाबळेश्वराहून दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना इथे एकाएकी पूर्वेला वळते. जवळच धरण. एका टपरीवर थांबलो. चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. तिने काही न विचारता मुलाला चुलीजवळ ओढून घेतले, त्याच्या हातात चहा दिला आणि मग माझ्याकडे पाहून विचारले,

"कुठं निघालाय?"

"चिपळूणला."

"सायकलीवर? ह्या पावसात?"

मी काहीतरी शूर बोललो. बहुधा 'पावसाला काय भ्यायचं' असले काहीतरी. म्हातारीने चुलीत लाकूड सारले.

"भ्यायचं न्हाई तर काय करायचं? सदुसष्ट साली भूकंप झाला तवा मी आठ वर्सांची हुती. घरं पडली. तवापासनं जमिनीला भिते, डोंगराला भिते. भिते म्हणून तर हितं हाय अजून." मग जरा थांबून म्हणाली, "ह्यो म्हाताऱ्याचा पाऊस हाय, मास्तर. म्हातारा हट्टी आसतो. त्याच्या नादी लागू ने. राती घाटात दगडं आल्यात."

मी मास्तर आहे हे तिला कसे कळले, देव जाणे. कदाचित न विचारता शिकवू लागणारा माणूस दुसरा कोण असणार, असा तिचा हिशेब असेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपावर मी दरवर्षी वर्गात बोलतो. तो ज्यांनी पाहिला त्यांपैकी एक बाई समोर बसून काही सांगत होती आणि मी घड्याळाकडे पाहत होतो.

घाटमाथ्यावर धुके होते. धुके हा शब्दही अपुरा आहे, ढगच रस्त्यावर उतरला होता. समोर रस्ता खाली वळत होता आणि दहा हातांवर पुसून जात होता. भूगोल शिकवणाऱ्याला ही जागा मोठी प्रिय. इथे पडलेला एक थेंब पूर्वेला घरंगळला तर कोयनेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो. वीतभर अंतरावरचा दुसरा थेंब पश्चिमेला घरंगळला तर वाशिष्ठीतून अरबी समुद्रात. हे मी मुलाला सांगणार होतो. मी मागे वळलो, तर तो सायकलवरून उतरला होता. त्याने सायकल स्टँडवर लावली, माझ्याकडे सरळ पाहिले आणि म्हणाला,

"बाबा, मला भीती वाटते. इथून खाली मी चालत येणार."

त्याचा आवाज थरथरत नव्हता. मला आज तो जसाच्या तसा आठवतो. चौदा वर्षांत त्याने मला इतक्या स्पष्ट शब्दांत काही सांगितले नव्हते. आणि मी काय केले? समजूत घातली नाही, ओरडलोही नाही. मी त्याहून वाईट केले.

"मग ये चालत," मी म्हणालो. "मी पोफळीला थांबतो."

आणि पायडलवर पाय ठेवून निघालो. मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तरी धुक्यात काही दिसले नसते, हे खरे. पण मी पाहिले नाही, हे त्याहून खरे. एका रस्त्याने जाणारी दोन माणसेसुद्धा अशी वीतभर अंतरावरून दोन समुद्रांकडे वळू शकतात.

कुंभार्ली घाटाचा उतार दहा-बारा किलोमीटरांचा. कोरड्या दिवसांत सायकलस्वाराला याहून मोठे सुख नाही. पण भिजलेल्या लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर धरत नाही. आधी ते पाणी पुसते आणि मग कुठे पकड घेते, आणि वरून पाणी पडतच असेल तर पुसण्याचे काम संपतच नाही. पहिल्या वळणावर मी ब्रेक दाबला तेव्हा सायकल जरा उशिरा ऐकली. दुसऱ्या वळणावर आणखी उशिरा. तिसऱ्यानंतर तिने ऐकणेच सोडले. दोन्ही मुठी आवळून धरल्या होत्या, ब्रेकच्या सळया कुरकुरत होत्या आणि सायकल आपली धावतच होती. मी पाय जमिनीला घासू लागलो. एका पायातली वहाण गेली. चष्म्यावर पाणी, समोर पांढरा अंधार. डावीकडे डोंगर आहे की दरी, हेसुद्धा क्षणभर आठवेना.

वळणावर चिखल वाहून आला होता. मला एवढेच आठवते की पुढे रस्ता नाही, कठडा आहे, असे दिसले आणि मी होता नव्हता तेवढा जोर करून हँडल डोंगराच्या बाजूला फिरवले. डोंगराच्या कडेच्या गटारात मी सायकलसकट जाऊन पडलो. पुढचे चाक वाकडे झाले. गुडघा फुटला. धपाट्यांचा डबा उघडून चार धपाटी पाण्याबरोबर कोकणात निघून गेली.

काही वेळ मी गटारातच बसून राहिलो. मग वरच्या अंगाला कुठेतरी दगड सुटल्याचा आवाज झाला. आधी एक, मग पाठोपाठ दोन-तीन. टक, टक, टक करीत ते कुठेतरी खाली जाऊन थांबले. कुठे पडले ते दिसले नाही. माझ्या पोटात गोळा उठला. तो मुलगा वर एकटा होता. त्याच धुक्यात, त्याच डोंगराखाली. मी त्याला तिथे सोडून आलो होतो. वाट चुकल्यामुळे नव्हे, नाइलाजाने नव्हे. तो खरे बोलला म्हणून!

मोबाइल काढला. रेंज नव्हती. हाक मारली, ती ढगाने गिळली. सायकल तिथेच टाकून मी वर चढू लागलो. एका पायात वहाण, दुसरा अनवाणी. एवढ्यात खालून एक ट्रक आला. धुक्यातून दोन पिवळे डोळे उगवले, माझ्या अंगावरून पाणी उडवीत गेले आणि वर वळणाआड झाले. त्या ड्रायव्हरला मी दिसलो होतो का? मग पुढच्या वळणावर तो पोरगा त्याला दिसेल का? मी अक्षरशः धावू लागलो. गुडघा दुखतो आहे हे नंतर कळले. त्या दहा-पंधरा मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. माझ्या नायकांना अशा वेळी मी लांबलचक स्वगते देत आलो आहे. माझ्या तोंडी एकच शब्द होता, त्याचे नाव. आणि तोही धापेमुळे पुरता उमटत नव्हता.

मग मला घंटी ऐकू आली.

ट्रिंग, ट्रिंग. थोडा वेळ काही नाही. पुन्हा ट्रिंग, ट्रिंग. सायकलची साधी घंटी. बाजारात ती ऐकून कुणी मान वर करून पाहत नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. घंटी हळूहळू जवळ आली आणि ढगातून आधी एक चाक, मग एक निळा रेनकोट बाहेर पडला. चिरंजीव सायकल हाताने धरून, रस्त्याच्या कडेने, एकेक पाऊल टाकीत उतरत होते. डोक्यावर कपड्यांची पिशवी धरलेली, आणि दर थोड्या पावलांनी अंगठा घंटीवर.

"घंटी कशाला वाजवतोस?" मी विचारले. एवढे होऊनही माझ्या तोंडातून निघाला तो मास्तराचाच प्रश्न!

"गाड्यांना दिसत नाही ना. ऐकू तरी जाईल." मग जरा थांबून, माझ्या पायाकडे पाहत तो म्हणाला, "आणि तुम्ही कुठं थांबला असाल तर तुम्हालाही कळेल, की मी येतोय."

मी काही बोललो नाही. बोलता आले नाही. त्याने सायकल माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "हिच्यावर भार टाकून चाला." मग त्याने पाठीवर पिशवी घेतली, दुसऱ्या बाजूने माझा दंड धरला, आणि ज्याला मी धीट करायला निघालो होतो त्याने मला घाट उतरवायला सुरुवात केली. मधूनमधून तो हात लांब करून घंटी वाजवी. माझी वाकडी सायकल लागली तेव्हा त्याने ती उभी केली, पाहिली आणि नुसते "अरेरे" म्हटले. खेळणे कोणाचे आणि सायकल कोणाची, याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

पुढे फार चालावे लागले नाही. कऱ्हाडची भाजी घेऊन चिपळूणच्या बाजाराला निघालेला एक टेंपो मागून आला आणि घंटी ऐकून थांबला. ड्रायव्हर विशीतला पोरगा. "आवाज आला म्हणून ब्रेक मारला, न्हाईतर दिसलाच न्हवता," तो म्हणाला. सायकली कोबीच्या पोत्यांवर टाकल्या आणि आम्ही पुढे बसलो. पोफळी, शिरगाव, खेर्डी ही गावे मी टेंपोच्या काचेतून पाहिली. मुलगा माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपला होता. त्याच्या अंगाला कोबीचा आणि ओल्या रबराचा वास येत होता.

चिपळूणला बहिणीने गरम पाणी काढून ठेवले होते. ती रागावली नाही. गुडघ्याला हळद लावता लावता तिने वर भिंतीकडे बोट दाखवले. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले, त्याची खूण तिने रंग देताना मुद्दाम राखून ठेवली आहे. माझ्या डोक्याच्या वर हातभर.

"पहाटे पाणी अंगणात आलं," ती म्हणाली, "तेव्हा मी ह्यांना म्हटलं, माडीवर चला. हे म्हणाले, घाबरतेस काय? २००५ ला पायरीपर्यंतच आलं होतं. मी म्हटलं, हो, घाबरते. सासूबाईंचा हात धरला आणि निघाले. मग हेही आले मागून. पंधरा-वीस मिनिटांत जिन्याच्या चार पायऱ्या गेल्या." मेव्हणे शेजारीच बसले होते. ते सुपारी कातरीत राहिले. त्यांनी ते नाकारले नाही.

रात्री मुलगा झोपल्यावर मी बराच वेळ जागा होतो. आमच्या पिढीच्या बापांना मुलांची क्षमा मागता येत नाही. तो शब्द आमच्या जिभेला वळणच नाही. सकाळी मी बाजारातून ब्रेकच्या रबरांचे दोन जोड आणले आणि व्हरांड्यात बसून त्याच्या सायकलचे जुने रबर काढून नवे बसवले. जुने अजून चांगले होते. तो चहा पीत पाहत होता. "घट्ट झालेत का पाहा," मी म्हणालो. त्याने दाबून पाहिले. "झालेत," म्हणाला. आमच्यात तेवढेच बोलणे झाले आणि तेवढ्यात ते झाले, असे मला वाटते. निदान त्याने तसे मानून घेतले.

घरी परतल्यावर आईने चौकशी केली तेव्हा चिरंजीवांनी सांगितले, "बाबा घाटात घसरून पडले, चाक वाकलं, मग टेंपोनं गेलो." यात खोटे एकही अक्षर नाही. पण मी त्याला माथ्यावर सोडून गेलो, हे त्याने सांगितले नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर तीन वर्षांत कधी नाही. घाटात त्याने माझा दंड धरला होता, तो एका अर्थी अजून सोडलेला नाही.

यंदा संपादकांचे पत्र आले, दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकेफुलके लिहा म्हणून. मी कादंबरीतल्या पावसाबद्दल लिहायला बसलो आणि लेखणी या घाटात उतरली. आमच्या घरी दिवाळी अंक आला की चकलीच्या डब्याशेजारी बसून तो प्रथम मंडळी वाचतात. म्हणजे हा लेख छापला तर तिला जे तीन वर्षांत कळले नाही ते ऐन सणाच्या दिवशी कळणार. मी लेखाची वही मुलाकडे दिली. आता तो सतरा वर्षांचा आहे, खांद्याला लागत नाही, वरून पाहतो.

"छापू का?" मी विचारले.

त्याने सावकाश, दोनदा वाचले. रस्ता ओलांडताना पाहतो तसे.

"छापा," तो म्हणाला. "फक्त एक बदला. तुम्ही लिहिलंय की माझा आवाज थरथरत नव्हता. थरथरत होता, बाबा. तुम्हाला वाऱ्यात ऐकू आला नसेल."

मी ते वाक्य खोडायला लेखणी उचलली होती. मग ठेवून दिली. वाचकांना माझी चूक आणि त्याची दुरुस्ती, दोन्ही शेजारी शेजारी दिसू द्यावी, हे बरे.